सदर शेळीचा चारा

जंगलखात्याच्या कागदांत जिथे जिथे शेळीचं नाव येई तिथे ते कारकून आबाजींच्या अक्षरात असे, आणि तिच्याबद्दल एकही बरा शब्द त्यात नसे. ‘शेळी ही वनाची शत्रू होय’ हे वाक्य त्यांनी इतक्या नोटिशींवर लिहिलं होतं की तेवढ्यापुरता टाक आपोआप चाले. शेळी कोवळा शेंडा खाते, साल सोलते, रोप मुळासकट उपटते आणि खाऊन झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसत नाही. यातलं शेवटचं कलम आबाजींनी स्वतःच्या निरीक्षणावरून घातलं होतं. रेंजरसाहेबांनी ते लाल शाईने खोडलं होतं.

अशा माणसावर काळा कोट, काळी टोपी आणि हातात दोरी, दोरीच्या टोकाला शेळी, अशा थाटात लोधिवलीपासून कर्जतपर्यंत चालत येण्याची पाळी आली. कारण सांगायला फार शब्द लागत नाहीत. त्यांची मुलगी जया तान्ही होती. तिच्या आईला, सुंदराला, मुदतीचा ताप आला आणि उतरताना अंगावरचं दूध घेऊन गेला. गाईचं दूध जयाला पचेना, म्हशीचं ती तोंडात धरीना, आणि डब्यातली विलायती पावडर लढाईने बाजारातून नाहीशी केली होती. डॉक्टरांनी चष्मा पुसत सांगितलं, “शेळीचं दूध द्या. ताजं. आणि पातळ नको.” त्या घरात याआधीही पाळणा दोनदा बांधला गेला होता, आणि दोन्ही वेळा तो सोडून माळ्यावर ठेवावा लागला होता. म्हणून आबाजींनी डॉक्टरांना पुढे काही विचारलं नाही. ते सासुरवाडीला लोधिवलीला गेले, मेहुण्याच्या गोठ्यातली नुकतीच व्यालेली काळीपांढरी शेळी मागून घेतली, तिचं करडू तिथल्याच दुसऱ्या शेळीला लावून दिलं आणि चौकवरून कर्जतला येणाऱ्या रस्त्याला लागले.

त्या रस्त्यावर भेटणाऱ्या निम्म्या लोकांना आबाजींनी कधी ना कधी नोटीस पाठवलेली होती. ते सगळे नेमके त्याच दिवशी बाजाराला निघाले होते.

“रामराम भाऊसाहेब! जप्त केली जनू?” एकाने विचारलं.

आबाजी खोटं बोलत नसत. “नाही,” ते म्हणाले, “नेमणूक झाली आहे तिची.”

शेळीला मात्र आपल्या नव्या हुद्द्याची जाणीव नव्हती. दर शिरीषाखाली ती थांबे, पाय रोवी, आणि खाली पडलेली एक वाळकी शेंग पूर्ण चावून झाल्याखेरीज हलत नसे. आबाजी रस्त्याच्या मध्ये उभे राहून समोरच्या डोंगराकडे बघत, जणू हद्दीची पाहणीच चालू आहे.

कर्जतच्या भिसेगावात घर आलं तेव्हा शेजारची भागूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. भागूबाईने आळीतल्या बहुतेकांची बाळंतपणं केली होती, त्यामुळे ती कोणालाही मोठा झालेला मानत नसे.

“आबा, ही रं काय आणलीस?”

“सदर शेळीच्या दुधाने जयाला बरं वाटेल असं डॉक्टरांचं मत आहे.”

“सदर? बरं नाव ठेवलंस.”

त्या दिवसापासून शेळीचं नाव सदर पडलं. पुढे तिचा मान वाढला तेव्हा आळी तिला सदरबाई म्हणू लागली.

पहिले काही दिवस झकास गेले. धार भागूबाई काढून देई, आणि आबाजी शेजारी बसून ते काम शिकत. शिकणं म्हणजे सदरबाईने लाथ मारायची आणि भांडं त्यांनी सांभाळायचं. जया दूध पिऊन झोपू लागली. सुंदरा भिंतीला टेकून तिच्याकडे बघत बसे. मग अडचण उभी राहिली ती चाऱ्याची.

गवत त्या साली लढाईवर गेलं होतं. स्टेशनजवळच्या वखारींत ते दाबून गासड्या बांधत आणि पलटणीच्या खेचरांसाठी पाठवून देत. गवताची काडी दिसलीच तर आगगाडीत चढताना दिसे. रान शेळ्यांना बंद होतं. हे आबाजींना कोणी सांगायची गरज नव्हती, तो हुकूम त्यांच्याच हातून नकलून गावोगाव गेला होता. राहता राहिली शेजाऱ्यांची सल्लामसलत. ती मात्र भिसेगावात मुबलक होती आणि तिला रेशनही नव्हतं.

समोर राहणारे भिवाजीकाका आयुष्यभर घाटात इंजिनावर कोळसा मारून निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक वस्तू त्यांना बॉयलर दिसे. ते शेळीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “आबाजी, वाफ कशावर होते? कोळशावर. पाल्यापाचोळ्यावर कधी मेल घाट चढलीय का? हिला जोरदार माल घाला. कोंडा घाला, पेज घाला, भरडा घाला. मग बघा प्रेशर.”

आबाजींना ते पटलं. शिकलेल्या माणसाला पटायला उपमा लागते, आणि ही चांगली कळकळीची उपमा होती. सदरबाईला कोंडा मिळू लागला, तांदळाची पेज मिळू लागली, कुळथाचा भरडा मिळू लागला. घरातली माणसं जे मोजून खात ते ती न मोजता खाई. आणि एका सकाळी ती उभी राहीना. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, डोळे वर गेलेले.

“प्रेशर झालं,” भिवाजीकाका दारातून म्हणाले. “आता व्हॉल्व्ह उघडायला हवा.”

“तुमचा व्हॉल्व्ह मिटा आदी!” भागूबाई ओरडली. “आबा, तेल आण. ओवा आण. सुंदरा, तू पोरीला घेऊन आत जा गं.”

तेल पाजलं, ओवा घातला, पोट चोळलं. आबाजींनी कोट काढायचंही भान न ठेवता शेळीचे पुढचे पाय उचलून धरले आणि तसेच बराच वेळ उभे राहिले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोघांचं काही शुभकार्य चाललं आहे. अखेर वारा सरला. तो सरल्याचा आवाज समोरच्या घरात ऐकू गेला आणि भिवाजीकाकांनी टोपी काढून मान लववली.

शेळी वाचली, पण दूध पाण्यासारखं येऊ लागलं. जया ते प्यायची आणि टाकायची. तिचे गाल परत आत गेले. सुंदराने माळ्याकडे एकदा पाहिलं, आणि ते आबाजींनी पाहिलं.

पुढच्या रविवारी आबाजी ओट्यावर पाट टाकून शेळीसमोर बसले. त्यांचा स्वभाव असा, की ज्या गोष्टीचं उत्तर फायलीत नसे तिच्यासमोर ते बसून राहत. सदरबाईपुढे कोंड्याचं घमेलं भरलेलं होतं. तिने ते हुंगलं आणि सोडून दिलं. मग तिने केरसुणी ओढली आणि अर्धी खाल्ली. मग सुपाची कड कुरतडली. मग गोणपाटाचा एक दोरा सुटलेला होता तो धरून सगळं गोणपाट उसवत नेलं, आणि ते चघळताना तिच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली की आबाजी पाटावरून उठले.

“सुंदरा,” ते आत जाऊन म्हणाले, “सदर शेळी उपाशी नाही. ती बेकार आहे.”

“म्हणजे?”

“पोट भरतंय, पण जबड्याला काम नाही. जे चावावं लागत नाही ते तिच्या पोटात जाऊन नुसतं आंबतं. तिला रवंथ करायला काहीतरी चिवट हवं. केरसुणी खाते ती वेड लागलंय म्हणून नव्हे. ती अर्ज करतेय आपल्याकडे.”

आबाजींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते त्यांना एका शेळीकडे सबंध सकाळ नीट पाहून कळलं होतं. अशी सकाळ फार थोडी माणसं कुणाला देतात.

मग चिवटाचा शोध सुरू झाला. भाताचा पेंढा आणला. सदरबाई त्याच्यावर बसली. केळीच्या खोडाचं सोपट चिरून घातलं; तिने ते तुडवून ओटा निसरडा केला, आणि त्यावरून भिवाजीकाका घसरले. ते तेव्हा इंजिनाची दुसरी उपमा घेऊन येत होते, ती अर्धवटच राहिली. फणसाची पानं तिने एक दिवस आनंदाने खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी ओळखच दाखवली नाही. अखेर भागूबाईच्या अंगणात वाल झोडपले होते तिथली फोलपटं तिला दिसली आणि सदरबाईने दावं तोडलं. वालाची वाळकी, कडकडीत फोलपटं! ती ती अशी खाऊ लागली की आवाज पापड मोडल्यासारखा येई, आणि खाऊन झाल्यावर डोळे मिटून दुपारभर रवंथ करी. दोन दिवसांत दुधाला पुन्हा रंग आला.

तेव्हा आबाजी रोज कचेरीतून सुटले की पाटी घेऊन घरोघर वालाची फोलपटं मागत हिंडू लागले. ज्या माणसाला आळीत कोणी ‘भाऊसाहेब’ म्हटल्याशिवाय हाक मारत नसे, त्याला बायका आता परसातूनच ओरडून विचारत, “फोलपटंवाले, आज लवकर?” आबाजी टोपी सारखी करत आणि म्हणत, “असतील तर बघा.” एकदा तर एका घरी त्यांना फोलपटांबरोबर शिळी भाकरही मिळाली. ती त्यांनी नाकारली नाही. घरी येऊन शेळीला दिली आणि सुंदराला म्हणाले, “आपल्याला वाटतो तेवढा मान महाग नसतो गं.”

वालाचा हंगाम सरला तशी फोलपटं संपली. आता आबाजींना चौकचा रस्ता आठवला आणि त्या रस्त्यावर पाय रोवून उभी राहिलेली शेळी आठवली. शिरीषाच्या शेंगा! माघाच्या वाऱ्यात त्या झाडावर खुळखुळत, आणि रस्त्यावर त्यांचा सडा पडे. जंगलाच्या हद्दीबाहेर पडलेल्या शेंगेबद्दल कुठलाही नियम नव्हता. आबाजींनी तो शोधला होता, सापडला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना नियम न सापडल्याचा आनंद झाला. रविवारी कोट घालून ते गोणी भरभरून शेंगा आणू लागले. जया त्या शेंगांशी खेळे. एक हातात धरून हलवली की आतल्या बिया वाजत आणि ती हसे. सदरबाई त्याच शेंगा खाई, बियांसकट.

पण शेंगाही सरत आल्या. आणि शेवटची गोणी घेऊन परतताना, दोरी मनगटाला गुंडाळलेली आणि गोणी खांद्यावर अशा अवस्थेत, सदरबाईने आबाजींना रस्त्यावरून खेचत बुधाजीच्या शेतात नेलं.

बुधाजीचं शेत भिसेगावच्या टोकाला होतं. तिकडच्या सगळ्या भातशेतीची रीत अशी, की जिथे रोपं तयार करायची त्या तुकड्यावर झाडांचा टहाळ आणून रचायचा, वर गवत-माती घालायची आणि पावसाच्या आधी ते सगळं भाजायचं. त्याला राब म्हणतात. त्या राखेत रोपं जोमाने येतात आणि तण मरतं. म्हणून सरकारी रानातून राबासाठी टहाळ तोडायची शेतकऱ्यांना मुभा होती. बुधाजीने ऐन-किंजळीचा टहाळ तोडून, वाळवून, छान रचून ठेवला होता. वाळल्या पानांचा तो ढीग सदरबाईने पाहिला, आणि आजवरचं आपलं सगळं खाणं हे केवळ उमेदवारीचं होतं असं तिच्या लक्षात आलं.

आबाजींनी ओढलं. शेळी हलली नाही. त्यांनी गोणी टाकून दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा ते स्वतःच टहाळात बसले.

“अवो भाऊसाब,” बांधावरून बुधाजीचा आवाज आला, “राबात बसू नगा, आमी भाजनार हाय तो.”

“बुधाजी, माझी शेळी तुझा राब खाते आहे. मला खेद आहे.”

“खेद आसू दे. पर मी रोपं कशावर करू? तुमच्या खेदावर?”

त्या संध्याकाळी दूध असं आलं की भांड्याच्या कडेला साय धरली. जया प्यायली, ढेकर दिली आणि सकाळपर्यंत हूं की चूं केलं नाही. सकाळी सुंदराने तिच्या गालाला बोट लावून पाहिलं, मग पुन्हा लावून पाहिलं.

आबाजी कचेरीत जायच्या आधीच बुधाजीकडे गेले. बुधाजी शहाणा गडी. त्याने रात्रीत हिशेब बसवला होता. “खाऊ द्या तिला निम्मा राब,” तो म्हणाला. “पर तिच्या लेंड्या सगळ्या माझ्या शेतात आल्या पायजेत. राख नाय तर लेंडी. माझं काय, मला रोपाशी मतलब.”

“तुझी हरकत नाही,” आबाजी म्हणाले, “पण सरकारची आहे.”

कारण नियम असा होता, आणि आबाजींना तो झोपेतही म्हणता आला असता: राबासाठी दिलेला टहाळ राबासाठीच वापरावा. तो शेतात जाळला तर कायदेशीर, आणि शेळीने खाल्ला तर गुन्हा.

“अवो, कोन बगतंय?” बुधाजी म्हणाला.

“मी बघतोय ना,” आबाजी म्हणाले.

आणि ते कचेरीत गेले, आणि त्यांनी अर्ज लिहिला. अर्जदार: आबाजी. विषय: तान्ह्या मुलीच्या दुधासाठी राबाचा टहाळ सदर शेळीस खाऊ घालण्याची परवानगी मिळण्याबाबत. अर्ज त्यांनी स्वतःकडे सादर केला, स्वतः आवक केला, त्यावर शिक्का मारला, आणि मग कारकून या नात्याने त्यावर शेरा लिहायला घेतला. शेरा लिहिताना त्यांनी अर्जदाराची ओळख ठेवली नाही. ‘नियमात तरतूद नाही. सबब अर्ज नामंजूर होण्यास पात्र आहे.’ शाई वाळल्यावर त्यांनी तो साहेबांच्या दौऱ्याच्या टपालात घातला.

घरी हे ऐकून सुंदराने जयाला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “अर्ज तुम्ही केलात.”

“हो.”

“आणि नको म्हणूनही तुम्हीच लिहिलंत.”

“नियम तसा आहे. मी दुसरं काही लिहिलं असतं तर साहेबांनी माझ्या कुठल्याच शेऱ्यावर विश्वास का ठेवावा?”

“आणि जयाने काय प्यावं तोवर?”

आबाजींनी टोपी काढून खुंटीला लावली. “साहेब येईपर्यंत शेंगा पुरवू. साहेब नाही म्हणाले, तर त्याच दिवशी राब खाऊ घालू, आणि दुसऱ्या दिवशी मी माझ्यावर नोटीस काढीन. तीही नीट काढीन.”

शेंगा दिवसेंदिवस कमी होत गेल्या. पण दूध घट्टच येत राहिलं, आणि आबाजींना वाटलं शेंगाच तेवढ्या गुणकारी. तो गैरसमज नागूने दूर केला. नागू जंगलगार्ड. तो एक दिवस कचेरीत आला आणि टेबलासमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर करत उभा राहिला.

“काय रे?”

“तक्रार हाय, भाऊसाब.”

“मग सांग. मी लिहून घेतो.”

“नगा लिहू तुमी.”

“मी नाही तर कोण लिहिणार? सांग.”

“एक बाई रोज दुपारला बुधाजीच्या शेतात शेळीला राब चारती. अंगात ताकद नाय, बसत-उठत जाती, पन जाती. शेळी काळीपांढरी हाय.” नागूने टोपी काढून हातात घेतली. “वहिनी हायेत, भाऊसाब.”

आबाजींचा टाक थांबला. तापातून उठलेली सुंदरा विहिरीपर्यंतसुद्धा जाऊ शकत नाही असं ते समजत होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग टाक दौतीत बुडवला आणि तक्रार लिहून घेतली, पत्नीच्या नावासकट, एकही शब्द न गाळता. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी खुंटीवरची छत्री काढून सुंदरासमोर ठेवली. एवढंच म्हणाले, “उन्हाची छत्री घेऊन जात जा.” आणि दुसऱ्या दिवसापासून कचेरीच्या आधी लेंड्यांची पाटी ते स्वतः बुधाजीच्या शेतात पोचवू लागले.

चैत्रात रेंजरसाहेब आले. उंच, कोरडे, मिशा कात्रीने मोजून कापलेले गृहस्थ. त्यांनी बुधाजीच्या बांधावर खुर्ची मागवली, तिच्यावर न बसता हातातले तीन कागद पाहिले, आणि आबाजींना समोर बोलावलं. आळी बांधावर जमली होती. भिवाजीकाका लंगडत आले होते. भागूबाई जयाला कडेवर घेऊन उभी होती, आणि सुंदरा तिच्या मागे.

“हा अर्ज तुमचा?”

“हो साहेब.”

“त्याच्यावरचा हा प्रतिकूल शेरा?”

“माझा, साहेब.”

“आणि अर्जदाराच्या बायकोविरुद्धची ही तक्रार कोणी लिहून घेतली?”

“मीच. अक्षर लागत नसेल तर वाचून दाखवतो.”

“अक्षर उत्तम आहे,” साहेब म्हणाले. मिशी किंचित हलली. “तीन कागद, एक हात. मला एवढं सांगा, यातला खरा आबाजी कोणता?”

“तिन्ही, साहेब,” आबाजी म्हणाले. “तीन वेगळ्या खुर्च्यांवर बसून लिहिलंय.”

“मग अर्जदाराच्या खुर्चीवरून बोला. नियमाला तुमचं उत्तर काय?”

आबाजींनी टोपी सारखी केली. आळीने त्यांना इतकं सरळ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“साहेब, टहाळ राबासाठी दिला म्हणजे शेतात जाण्यासाठी दिला. तो शेतातच जातो आहे. बुधाजीला विचारा, रोज पाटीभर लेंडी पोचते. नियमाने पाला शेतात पोचावा असं म्हटलंय. कुठल्या वाटेने पोचावा ते म्हटलेलं नाही. जाळला तर तो धुरातून जातो. हा सदर शेळीच्या पोटात मुक्काम करून जातो. तेवढ्या मुक्कामात एक मूल जगतं. धुराने ते काम होत नाही.”

कोणी हसलं नाही. भिवाजीकाकांना एक उपमा सुचली होती, ती त्यांनी गिळली.

साहेब भागूबाईच्या कडेवरच्या जयाकडे वळले. “अर्जातलं मूल ते हेच?”

“हो.”

जयाने साहेबांसमोर हातातली शिरीषाची शेंग खुळखुळवली. साहेबांनी ती वाजते कशी हे जरा वेळ ऐकलं.

“लेंडी कोण पोचवतं?”

“मी, साहेब. कचेरीच्या आधी.”

“डोक्यावरून?”

“पाटी हातात धरली की कोटाला लागते,” आबाजी म्हणाले.

साहेबांनी कागदावर हुकूम लिहिला, तो उभ्यानेच. बुधाजीने निम्म्या तुकड्यावर रीतीप्रमाणे राब भाजावा, निम्म्यावर लेंडी घालावी. रोपं आल्यावर पाहणी होईल. लेंडीची रोपं बरी आली तर परवानगी कायम, नाही तर कारकुनाने स्वतःवर नोटीस काढावी. “आणि शेरा तुम्हीच लिहा,” ते म्हणाले. “दुसऱ्याला तुमच्याइतकं कडक लिहिता येणार नाही.”

हुकुमानंतरही रोज सकाळी भिसेगावातून तेच दृश्य जाई: पुढे कोट-टोपीतले आबाजी, टोपीवर चुंबळ, चुंबळीवर लेंड्यांची पाटी, मागे दोरी सोडलेली सदरबाई, ऑर्डर्लीसारखी. सुरुवातीला लोक हसले होते. मग सवय झाली. मग असं झालं की आबाजी आले की समोरचा बाजूला होऊन वाट देई, आणि का देतोय हे त्यालाही सांगता येत नसे.

पेरण्या झाल्या आणि पाहणीचा दिवस आला तेव्हा जया बांधावर कोणाच्या आधाराशिवाय बसत होती. भाजलेल्या बाजूचं रोप चांगलं होतं. लेंडीच्या बाजूचं रोप जास्त हिरवं होतं, पण तिथे तणही माजलं होतं. सुंदरा आणि आबाजी ते रोज उपटत, तरी पुरं होत नव्हतं. बुधाजी डोकं खाजवत होता. साहेब वाकून बघत पुढे गेले आणि एका जागी थांबले.

“आबाजी, हे काय उगवलंय?”

भाताच्या रोपांतून जोडीजोडीच्या पानांची चिमुकली रोपटी वर आली होती. एक नव्हे, पसाभर. सगळ्या तुकड्यात विखुरलेली.

“तन हाय सायेब,” बुधाजी घाईने म्हणाला. “उपटून टाकतू.”

“हात लावू नका,” साहेब म्हणाले. ते चिखलात गुडघ्यावर बसले. त्यांची विजार पांढरी होती. “शिरीष आहे. आम्ही दरसाल बी पेरतो, गरम पाण्यात भिजवतो, घासतो, तरी निम्मं उगवत नाही. कवच फार टणक. हे कोणी पेरलं?”

आबाजींना रस्त्यावरच्या शेंगा आठवल्या, बियांसकट खाणारी सदरबाई आठवली, आणि सगळ्या नोटिशींवरचं ते एक वाक्य आठवलं. त्यांचा चेहरा खाली गेला, पण खोटं बोलायची सवय नव्हती.

“वनाच्या शत्रूने, साहेब,” ते म्हणाले.

साहेब चिखलातून उठेपर्यंत हसत होते. इतका कोरडा माणूस इतका वेळ हसू शकतो हे नागूने नंतर घरोघर जाऊन सांगितलं. परवानगी कायम झाली. रोपटी मुळाच्या मातीसकट काढून टोपल्यांत भरली, आणि पावसातच आबाजींनी स्वतः ती चौकच्या रस्त्याकडेला, जिथे शेळी पाय रोवून उभी राहिली होती तिथून पुढे, एकेक करून लावली. प्रत्येकाला काट्यांचं कुंपण घातलं, शेळ्यांपासून राखायला. त्याबाबतीत त्यांचं मत बदललं नव्हतं. पाळणा मात्र त्या वर्षी माळ्यावर चढला तो जया त्यात मावेनाशी झाली म्हणून.

सदरबाई म्हातारी होऊन गेली. शिरीष मोठे झाले. आबाजी सेवानिवृत्त झाल्यावर रोज त्या रस्त्याने काठी टेकत जात, आणि कोणी सावलीला थांबून विचारलं, ही झाडं कोणी हो लावली, की ते थांबून गंभीरपणे म्हणत, “सदर शेळीने.” विचारणारा बावचळे. आबाजी टोपी सारखी करत आणि पुढे जात.

यंदाच्या माघात त्या रस्त्याने जया एकटीच गेली. शेंगा वाळल्या होत्या आणि वाऱ्यावर वाजत होत्या. एका झाडाखाली बैलगाडी सोडून एक म्हातारा विसावला होता. वर बघत त्याने तिला विचारलं, “बाय, लई गार सावली हाय. झाडं कोनी लावली गं ही?”

जयाने एक शेंग उचलली, कानाशी धरून हलवली.

“सदर शेळीने,” ती म्हणाली.